चेनचा स्क्रू पुन्हा पुन्हा सुटतो: कोणता गोंद, किती आणि नेमका कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या निवृत्तीला घेतलेलं स्विस घड्याळ, स्टीलची चेन, कड्या स्क्रूने जोडलेल्या. चेन सैल होत होती म्हणून तुम्ही घरीच दोन कड्या काढल्या. पंधरा दिवसांत एक स्क्रू अर्धा बाहेर आला, तो तुम्ही पुन्हा आवळला. महिन्याभराने फुटाळा तलावावर फिरताना तो पडलाच आणि घड्याळ हातातून निसटता निसटता वाचलं. आता एक जण म्हणतो लाल लोकटाइट, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांत घालायचा गोंद, लाव, दुसरा म्हणतो फेविक्विकचा एक थेंब पुरे, तिसरा म्हणतो काही लावू नको, जोर लावून घट्ट कर. आणि तुम्हाला भीती ही की एकदा चिकटवलं तर पुढे कधी उघडेल की नाही.

सरळ उत्तर आधी देतो. गोंद लावा, पण सगळ्यात कमी ताकदीचा, म्हणजे जांभळा. लोकटाइटमध्ये त्याचा नंबर २२२. तो स्क्रूला फासू नका, कडीच्या समोरच्या बाजूला जिथे आटे आहेत त्या भोकात लावा. खसखशीच्या एका दाण्याहून जास्त नको. आणि लावल्यावर पूर्ण २४ तास घड्याळ हातात घालू देऊ नका. आता यातली प्रत्येक गोष्ट अशीच का, ते नीट सांगतो. कारण समजलं नाही तर माणूस घाईत एखादी पायरी गाळतो, आणि गाळलेली पायरी नेमकी महागात पडते.

पहिल्यांदा त्या तिसऱ्या सल्ल्याबद्दल, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. कुठलाही बोल्ट आवळला की तो अगदी किंचित ताणला जातो. त्या ताणामुळे आटे एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबाच्या घर्षणावर बोल्ट जागेवर राहतो. गाडीच्या चाकाचा नट याच जोरावर टिकतो. चेनच्या स्क्रूला हा ताण देताच येत नाही. तो दोन वस्तू दाबून धरायला बसवलेलाच नसतो. त्याचं काम बिजागरीच्या खिळ्याचं आहे. त्याचं डोकं कडीच्या एका बाजूला, आटे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये गुळगुळीत दांडी. त्या दांडीभोवती मधली कडी मोकळी फिरली पाहिजे. तुम्ही जोर लावून आवळलं की दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, मधली कडी चिमटीत सापडते आणि चेन त्या जागी ताठ होते. त्याहून जोर लावला तर स्क्रूच्या डोक्यावरची खाच तरी फाटते, नाहीतर आटे जातात. म्हणजे हा स्क्रू मुळातच सैलसर राहणारा आहे, आणि ती त्याची चूक नाही.

त्यात दिवसभर मनगट वाकत राहतं. मधली कडी मागेपुढे होते आणि प्रत्येक वेळी दांडीला थोडंथोडं सोबत ओढते. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली प्रयोग करून दाखवलं होतं की स्क्रूला सगळ्यात लवकर सैल करते ती आडवी हालचाल, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर सरकणं. चेनच्या कडीत दुसरं काही घडतच नाही. म्हणून तुमच्या हाताला दोष देऊ नका. तुम्ही कितीही नीट आवळलं असतं तरी तो स्क्रू आज ना उद्या निघालाच असता. कंपनीने बसवताना त्यात बहुतेक लॉकिंग गोंद घातलेला होता. तुम्ही कड्या काढल्या तेव्हा तो तुटला, आणि परत बसवताना नवा लावला गेला नाही. इतकीच गोष्ट आहे.

माझ्याकडूनही हे घडलेलं आहे. नागपुरात बर्डीवर घड्याळं दुरुस्त करायला बसायला लागून मला चार-पाच वर्षं झाली असतील. महालातल्या एका शिक्षिका घड्याळ घेऊन आल्या. मुलाने बाहेरगावी पहिल्या पगारातून घेऊन पाठवलेलं. मी चेन कमी करून दिली, स्क्रू चांगले आवळले आणि निर्धास्त झालो. तेव्हा माझीही समजूत हीच होती की हाताला घट्ट लागलं म्हणजे घट्ट. दोन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा हातात घड्याळ नव्हतं. स्कूटरवरून घरी जाईपर्यंत कधी, कुठे पडलं ते त्यांना कळलंच नाही. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "भाऊ, असं काऊन झालं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसानंतर माझ्या टेबलावरून एकही स्क्रूची चेन गोंदाशिवाय गेलेली नाही.

आता गोंद. याला गोंद म्हणतात खरं, पण हा फेव्हिकॉलसारखा वाळत नाही. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नन क्रीबल यांनी तो बनवला. त्याची खुबी अशी की हवा असेपर्यंत तो पातळच राहतो. हवा बंद झाली आणि आजूबाजूला धातू असला की घट्ट होतो. आट्यांच्या फटीत हवा नाही आणि दोन्हीकडे धातू, म्हणून तो नेमका तिथेच जमतो. बाहेर ओघळलेला थेंब मात्र तसाच ओला राहतो. आणखी एक गोष्ट, तो घट्ट होताना जवळजवळ आकसत नाही. फट पूर्ण भरून टाकतो, त्यामुळे स्क्रूला हलायला जागाच उरत नाही. या कामात त्याची ताकद नकोच असते. फट भरली, आटे हलेनात, की काम झालं.

यावरूनच फेविक्विक आणि नेलपॉलिश का नकोत ते कळेल. नेलपॉलिशमधलं द्रावण उडून गेलं की ते वाळतं. बंद भोकात द्रावण उडणार कुठून? तोंडाशी पापडी धरते आणि आत ओलं राहतं. जे वाळतं ते आकसतं. काही दिवस बरं चालतं, म्हणूनच लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. फेविक्विकचा प्रश्न वेगळा. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो आणि काही सेकंदांत होतो. स्क्रू अर्धा आत गेला असताना तो पकडला गेला तर पुढेही जात नाही, मागेही येत नाही. शिवाय तो ठिसूळ. रोजच्या हालचालीने त्याचा चुरा होतो. आणि त्याच्या वाफेने पॉलिश केलेल्या स्टीलवर, काचेवर पांढरट धूर चढतो, तो वेगळाच. माझ्याकडे महिन्यातून एखादं तरी घड्याळ अशा पांढऱ्या डागांसह येतं.

लाल का नको, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो सल्ला देणारा माणूस बहुतेक गाड्यांचं काम जाणणारा असतो आणि त्याच्या कामात तो बरोबरच असतो. लाल हा जास्त ताकदीचा, कायमच्या जोडासाठी. १० मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ मिलिमीटर उंचीचा नट लागतो, म्हणजे आट्यांची पकड बोल्टच्या जाडीपेक्षाही कमी. तुमच्या चेनचा स्क्रू दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचे आटे बऱ्याच चेनमध्ये तीन मिलिमीटरपर्यंत आत जातात, म्हणजे जाडीच्या दुप्पट. त्या सगळ्या लांबीवर गोंद धरतो. उघडताना मात्र सगळा जोर पडतो तो केसाएवढ्या दोन कडा असलेल्या खाचेवर. जोड खाचेपेक्षा मजबूत झाला की खाच हरते. बोल्टला षटकोनी डोकं असतं, पाना लागतो, जोर लावता येतो. इथे तसं काहीच नाही.

निळा, म्हणजे २४२ किंवा २४३, मधल्या ताकदीचा. बरेच जण तो वापरतात आणि बऱ्याचदा निभावतं. घरात निळाच असेल आणि जांभळा मिळतच नसेल, तर टाचणीच्या टोकाला लागेल इतकाच लावा. पण विकत घेणारच असाल तर जांभळाच घ्या. आणि बाटलीचा रंग बघून घेऊ नका. रंगाची पद्धत कंपनीची असते, सगळ्या कंपन्यांना ती लागू नाही. लेबलवर कमी ताकद, छोटे स्क्रू असं लिहिलंय का, ते वाचा. हिरवा २९० नावाचा एक प्रकार आहे. तो आधीच बसवलेल्या स्क्रूवर सोडला की फटीतून आपोआप आत झिरपतो. वाचायला फार सोयीचं वाटतं, चेन न उघडताच काम होईल असं वाटतं. पण तो आट्यांत झिरपतो तसाच बिजागरीतही झिरपतो आणि कडी जाम होते. चेनला तो लावू नका.

हे सगळं करण्याआधी एक खात्री करा की कडीत खरंच स्क्रू आहे. कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतील तर तिथे पिन आहे, ती बाणाच्या दिशेने ठोकून काढायची असते. आपल्याकडच्या बहुतेक रोजच्या घड्याळांच्या चेनला पिनच असते. दुमडलेल्या पिनेच्या टोकाला एक बारीक चीर दिसते आणि ती हुबेहूब स्क्रूच्या खाचेसारखी वाटते. भिंगातून बघा. खाच रुंद, खोल आणि सरळ कापलेली असते. चीर केसासारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे अर्धगोल वेगळे दिसतात. पिन ही दाबावर बसते, तिला गोंद लागत नाही. काही महागड्या चेनना दोन्ही बाजूंनी खाच असते. तिथे दोन स्क्रू ड्रायव्हर लागतात, एका हाताने एक बाजू धरायची आणि दुसऱ्या हाताने दुसरी फिरवायची. एकच बाजू फिरवत बसलात तर आतली दांडीच नुसती गोल फिरते. काही नव्या स्क्रूंच्या आट्यांवर रंगीत प्लास्टिकचा पट्टा आधीच लावलेला असतो. तो शाबूत असेल तर वरून काही लावू नका.

तुमच्या वर्णनावरून तुमचा साधा एका बाजूचा स्क्रू आहे. मग असं करा.

चेन घड्याळापासून सोडवा. दोन्ही टोकांच्या स्प्रिंग पिना काढल्या की ती सुटते. घड्याळ बाजूला एका डबीत ठेवून द्या. हा कंटाळा करू नका, कारण गोंद काचेच्या जवळ न्यायचाच नाही. जुन्या घड्याळांना ॲक्रिलिकची काच असते आणि हा गोंद काही प्लास्टिकना आतून तडे पाडतो. हेच गॉगलच्या स्क्रूबाबतही लक्षात ठेवा. तिथे लोक सर्रास थ्रेडलॉकर, म्हणजे हाच गोंद, लावतात आणि काही दिवसांनी भिंगाच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात.

काठ असलेल्या ताटात पांढरा रुमाल अंथरून त्यावर काम करा. चेनचा स्क्रू उडाला तर लोहचुंबकाने सापडत नाही, कारण ३१६ एल सारख्या स्टीलला चुंबक धरत नाही. बॅटरी जमिनीलगत आडवी धरून शोधावं लागतं, मग त्याची सावली दिसते.

स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेच्या रुंदीचंच हवं. रोलेक्सच्या ऑयस्टर पद्धतीच्या चेनना बहुधा १.६ मिलिमीटरचं लागतं, बाकीच्यांना १.२, १.४ अशी मापं. चष्म्याच्या दुकानातला सेट बऱ्याचदा पातळ टोकाचा असतो. ते टोक खाचेच्या तळाशी टेकतं, पण कडांना धरत नाही, आणि घसरलं की चेनवर ओरखडा कायमचा. पातं जाड असेल तर सिल्लीवर, म्हणजे धारेच्या दगडावर, दोन्ही बाजूंनी घासून खाचेत गच्च बसेल असं करा. मी अजूनही प्रत्येक नव्या चेनला पातं आधी घासून बघतो, मगच स्क्रूला हात लावतो. पाच मिनिटं जातात, पण पुढचं सगळं काम त्या पाच मिनिटांवर उभं असतं.

मग सफाई. नागपूरच्या उन्हाळ्यात चेनच्या भोकातून जे निघतं ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. घाम, मीठ, टाल्कम पावडर, साबण, सगळ्याचा मिळून काळा चिखल झालेला असतो. आधी कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ टूथब्रशने चेन धुवा, पूर्ण वाळवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल टूथपिकला लावून भोक आतून फिरवून पुसा. टूथपिक पांढरी निघेपर्यंत पुसायचं. स्क्रूचे आटेही तसेच पुसा. आट्यांत जुन्या गोंदाची पूड असते, पांढरी किंवा निळसर. ती राहिली तर नवा गोंद तिच्यावर बसतो, धातूवर नाही. तेलकट आट्यांवर गोंद नीट जमत नाही, म्हणून हाताने पुन्हा स्पर्श करू नका, स्क्रू चिमट्याने उचला.

त्याआधी एक सांगायचं राहिलं. गोंद लावायच्या आधी माप पक्कं करा. कोरडेच स्क्रू लावून चेन वडिलांना घरात बसल्या जागी दिवसभर घालायला द्या. मनगट सकाळी वेगळं असतं आणि मे महिन्याच्या दुपारी वेगळं. उन्हात हात सुजतो. दुपारी चार वाजता चेनखाली करंगळी सहज गेली तर माप बरोबर. लॉकमध्ये बारीक समायोजनाची भोकं असतील तर तीही आत्ताच बघून घ्या. गोंद लावल्यावर कडी पुन्हा काढणं म्हणजे सगळं पहिल्यापासून.

आता गोंदाची जागा. बहुतेक जण स्क्रूच्या टोकाला थेंब लावतात आणि आत घालतात. तो स्क्रू आधी कडीची एक बाजू ओलांडतो, मग मधल्या कडीच्या नळीतून जातो, आणि शेवटी आट्यांपर्यंत पोचतो. वाटेत अर्धा गोंद मधल्या कडीच्या आत पुसला जातो. दुसरं, ते आट्यांचं भोक बऱ्याच चेनमध्ये पलीकडून बंद असतं. बंद भोकात स्क्रू शिरला की आतली हवा दाबली जाते आणि ती गोंदाला बाहेर ढकलते, म्हणजे पुन्हा बिजागरीकडेच. म्हणून गोंद भोकाच्या तळाशी हवा. हवा बाहेर निघते आणि गोंद स्क्रूच्या टोकापासून आट्यांवर चढतो.

हे काम मी असं करतो. बाटलीतून एक थेंब प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यावर घेतो. बाटलीचं तोंड धातूला टेकवत नाही, कारण धातूचा कण आत गेला तर बाटलीतला गोंद बिघडायला सुरुवात होते. शिवणकामाच्या सुईचं टोक त्या थेंबात बुडवतो. डोळ्याला भिंग लावून बघितलं की सुईच्या टोकावर जांभळा मणी लटकलेला दिसतो. तो मणी मोठा वाटला तर प्लास्टिकवर एकदा टेकवून अर्धा करतो. कडी अशी धरतो की आट्यांचं भोक वर तोंड करून असेल. सुई भोकाच्या मधोमध, कडांना न लावता तळापर्यंत नेतो आणि तिथे आट्यांवर टेकवतो. मणी सुईवरून सुटून आट्यांच्या दोन-तीन वळणांत गोल पसरतो, तिथे जांभळी रेघ चमकते. बस्स. मग मधली कडी जागेवर सरकवायची, स्क्रू कोरडाच आत घालायचा, आणि आधी उलटा फिरवायचा. आट्याची सुरुवात जुळली की एक हलकी टिचकी हाताला जाणवते. तिथून सरळ फिरवायचा. डोकं खोबणीत टेकलं की थांबायचं, आणि वरून नुसता अंगठा-तर्जनीच्या जोराचा एक छोटा फेर. तळहाताचा जोर नाही.

लगेच कडी चार-पाच वेळा मागेपुढे वाकवा. मोकळी फिरत असेल तर गोंद जागेवरच राहिला. जड वाटली तर आत्ताच उघडा, पुसा, पुन्हा लावा. आत्ता गोंद ओलाच आहे. बाहेर दिसणारा ओलावा अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून काढा. तो हवेत कधीच घट्ट होणार नाही, धूळ धरेल आणि घामाबरोबर त्वचेला लागेल. काही जणांना या रसायनाची ॲलर्जी होते, चट्टे उठतात. म्हणून काम करताना हातमोजे घातलेले बरे.

२४ तासांचं कारण स्टील. पितळ किंवा साधं लोखंड असतं तर हा गोंद मिनिटांत पकडतो. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर जो अदृश्य थर असतो, ज्यामुळे ते गंजत नाही, तोच थर या गोंदालाही फारसा धातू लागू देत नाही. म्हणून इथे त्याला तास लागतात. टायटॅनियम आणि सोन्याचंही असंच. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा १० अंशांवर उतरतो, तेव्हा आणखी वेळ द्या. त्या वेळात चेन वाकवू नका, सरळ पसरून ठेवा. अर्धवट जमलेला गोंद हलवला तर तो तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. सगळ्यांत जास्त तक्रारी या एका पायरीवरून येतात. संध्याकाळी लावलं, सकाळी घालून ऑफिसला गेले, आठवड्यात स्क्रू सैल, आणि मग म्हणायचं गोंद नकली होता. ज्यांना अगदीच थांबता येत नाही त्यांच्यासाठी व्हायब्रा-टाइट व्हीसी-३ नावाचा एक वेगळा प्रकार आहे. तो आट्यांवर आधी लावून वाळवायचा आणि मग स्क्रू बसवायचा. तो स्क्रू नंतर काढून पुन्हा लावता येतो. पण लाल-निळ्यासारखा तो सहज मिळत नाही.

उन्हाने गोंद वितळेल का, हे मला दर एप्रिलमध्ये कोणीतरी विचारतंच. नाही. २२२ हा १५० अंशांपर्यंत चालणारा आहे. आपल्याकडे हवा ४६ अंशांवर गेली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली चेन हाताला चटका देऊ लागली, तरी ती त्याच्या जवळपासही जात नाही. उलट गोंदाने भरलेल्या आट्यांत घाम शिरत नाही. हा फायदा छोटा नाही. कोरड्या स्टीलचे आटे स्टीलवर घासले की कधीकधी एकमेकांना चावतात आणि कायमचे जाम होतात. ओला गोंद बसवताना वंगणाचं काम करतो आणि जमल्यावर घामाला आडवा येतो. ऊन लागतं ते बाटलीला. ती ८ ते २१ अंशांत ठेवावी असं कंपनी सांगते. नागपुरात मार्चनंतर असं तापमान फ्रिजशिवाय कुठे मिळायचं? फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी. वापरण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. बाटली अर्धी रिकामी दिसली तर दुकानदाराला बोल लावू नका. ती तशीच भरतात, आतली हवाच त्या गोंदाला पातळ ठेवते.

आता तुमची मूळ भीती: पुढे उघडेल का. जांभळा असेल तर बरोबर मापाच्या पात्याने, सरळ दाबून धरून, हाताने उघडतो. सुरुवातीला एक कट्ट असा आवाज येतो आणि नंतर स्क्रू पूडीतून सरकल्यासारखा करकरत बाहेर येतो. तो आवाज ऐकून घाबरू नका.

नाहीच उघडला तर उष्णता. इथे मी तुम्हाला गेल्या पावसाळ्यातलं एक काम सांगतो. एक रेल्वेतले फिटर आले, हातात चेन. म्हणाले, "काका, लाल लावला होता. आता कडी वाढवायची आहे, पण स्क्रू हालून नाही राहिला." त्यांनी बारीक पात्याने जोर लावला होता आणि खाचेची एक कड निम्मी उडाली होती. घड्याळ चेनला लागलेलंच होतं. ते मी आधी सोडवलं, कारण घड्याळाच्या आतलं रबर, तेल आणि सेल यांपैकी काहीच तापवायचं नसतं. चेन लाकडी ठोकळ्यावर अडकवली. सोल्डरिंग आयर्नचं टोक साफ करून, कथील पुसून, स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं. लाल गोंद नरम पडायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं. पंधरा-वीस सेकंद धरलं, काढलं, आणि गार व्हायच्या आत पातं लावून पाहिलं. हलला नाही. पुन्हा धरलं. स्टीलवर पिवळी झाक यायला लागली की थांबावं लागतं, म्हणून प्रत्येक वेळी भिंगातून रंग बघत होतो. पाचव्या वेळी पात्याखाली काहीतरी लोण्यासारखं सरकलं. तिथेच न थांबता, स्क्रू गरम असतानाच सगळा बाहेर काढला. मध्ये थांबलं आणि तो गार झाला तर परत धरतो. दीड तास गेला त्या एका स्क्रूत. घरी हे करू नका. हातातून आयर्न घसरलं की पॉलिशवर खूण पडते, आणि उडालेल्या खाचेत तर ते घसरतंच.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं जांभळ्यासाठी आहे. ही चेन पुढच्या वीस वर्षांत किमान चार-पाच वेळा उघडली जाईल. वडिलांचं मनगट बारीक होईल, घड्याळ कदाचित तुमच्या हातात येईल, कोणीतरी सफाईला उघडेल. त्या प्रत्येक माणसाला तो स्क्रू शाबूत मिळाला पाहिजे.

घड्याळाच्या आतल्या स्क्रूंना, मागच्या झाकणाच्या स्क्रूंना यातलं काहीही लावू नका. ते ताणावरच बसतात.

आणि तुमचं पहिलं काम गोंदाचं नाहीच, हरवलेल्या स्क्रूचं आहे. तोवर त्या कडीत तार किंवा टाचणी अडकवून घड्याळ घालू देऊ नका. शेजारच्या कडीतला चांगला स्क्रू काढून नमुना म्हणून सोबत न्या. जाडी, आट्यांची लांबी, एकूण लांबी आणि डोक्याचा व्यास या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. आटे जवळपासचे पण वेगळे असतील तर तो स्क्रू दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तिथे जोर लावला की कडीतले आटे जातात, आणि मग नवी कडीच घ्यावी लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून घड्याळाच्या मागचा नंबर सांगून मागवलात तर उत्तम. आणि मागवताना दोन मागवा. बाकीच्या सगळ्या स्क्रूंवरून एकदा नख फिरवून बघा. ज्याची कड नखाला लागते तो पुढचा सुटणारा आहे, त्यालाही याच बैठकीत जांभळा लावून घ्या.